रुग्ण अपॉइंटमेंटला यावेत म्हणून: आठवण देण्याची पद्धत कशी बसवावी

डॉक्टर बसले आहेत, यादीत नाव आहे, वेळ राखून ठेवली आहे आणि रुग्ण आलेला नाही. कुठल्याही दवाखान्यात हे रोज घडतं. ती पंधरा मिनिटं वाया गेलेली सगळ्यांना दिसतात. पण त्याच पंधरा मिनिटांसाठी दुसरा कुणीतरी तीन आठवडे पुढची तारीख घेऊन घरी थांबलेला असतो, ते दिसत नाही. आणि जो आला नाही त्याचा आजार तारखेसाठी थांबून राहत नाही. मधुमेह असलेल्या माणसाची डोळ्यांची तपासणी, क्षयरोगाच्या उपचारातली फेरतपासणी, बायोप्सीचा रिपोर्ट समजून घ्यायची भेट, यातली एक जरी हुकली तरी पुढे ती फार महागात पडू शकते.

रिसेप्शनवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी, स्वतःचा दवाखाना नुकताच सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी आणि ओपीडीचं काम पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी हा लेख आहे. महागडं सॉफ्टवेअर असलंच पाहिजे असं नाही. वही, एक फोन आणि रोज ठरलेल्या वेळी काम करणारा एक माणूस एवढ्यावरही सुरुवात होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आठवण पाठवल्यावर रुग्णाने “येतो” म्हटलं तर उत्तमच, पण “मला येता येणार नाही” असं वेळेत कळवलं तरी तेही यशच आहे. तारीख मोकळी झाली, ती दुसऱ्याला देता येते, आणि या रुग्णाला नवी तारीख मिळते. म्हणून आठवणीची पद्धत बसवताना ‘नाही’ म्हणणं रुग्णाला किती सोपं जाईल, याचा विचार सगळ्यात जास्त करायचा.

आठवणीने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो तपासून पाहिलेला आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारी संस्था आहे. तिच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइल संदेशांवरच्या ८ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या, त्यांत मिळून ६,६१५ लोक होते. कसलीच आठवण न मिळालेल्यांपैकी ६७.८ टक्के लोक ठरल्या वेळी आले. मोबाइलवर संदेश मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ७८.६ टक्के होतं आणि फोन करून सांगितलेल्यांमध्ये ८०.३ टक्के. म्हणजे साधा संदेश फोनच्या जवळपास पोहोचतो, आणि त्याला खर्च व माणसांचा वेळ कमी लागतो.

२०१० साली अमेरिकेतल्या एका बाह्यरुग्ण केंद्रातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आठवण न दिलेल्यांपैकी २३.१ टक्के रुग्ण आले नाहीत. यंत्राने लावलेला, रेकॉर्ड केलेला फोन गेला त्यांच्यात हे प्रमाण १७.३ टक्के होतं आणि दवाखान्यातल्या माणसाने स्वतः फोन केला त्यांच्यात १३.६ टक्के.

या आकड्यांवरून दोन गोष्टी लक्षात घ्या. सगळ्यांना संदेश पाठवावा आणि माणसाचा फोन मात्र ज्यांना त्याची जास्त गरज आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावा, ही पहिली. दुसरी अशी, की आठवण देऊनही बरेच जण येत नाहीत. विसरणं हे न येण्याचं फार मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणाला सोबत यायला माणूस नसतं, कुणाला बरं वाटू लागलेलं असतं, कुणी रिपोर्टच्या भीतीने घरी थांबतं. आणि कधी कधी दवाखान्याने तारीख बदललेली असते आणि ते रुग्णापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

पायरी १: पद्धत सुरू करण्याआधी मोजा

निदान चार आठवडे, काहीही न बदलता, रोजची नोंद ठेवा. दर दिवसासाठी चार आकडे लागतात: किती अपॉइंटमेंट दिल्या होत्या, किती जण आले, किती जणांनी आधी कळवून रद्द केली किंवा पुढे ढकलली, आणि किती जण न कळवता आले नाहीत.

शेवटचे दोन आकडे एकत्र करू नका. नवीन माणसं बहुतेक वेळा इथेच चुकतात. समजा १०० अपॉइंटमेंटपैकी ८ जणांनी दोन दिवस आधी कळवून रद्द केल्या आणि १२ जण न सांगता आले नाहीत. या दोन्ही मिळून “२० जण आले नाहीत” असं लिहिलं, तर पुढे आठवणींमुळे कळवणारे १५ झाले आणि न कळवणारे ५ उरले तरी तुमचा आकडा २०च दिसेल. फरक पडला नाही असं वाटेल, आणि खरं तर फार मोठा फरक पडलेला असेल. आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी कळवणाऱ्यांचा वेगळा रकाना केला तर अजून चांगलं, कारण इतक्या उशिरा मोकळी झालेली वेळ भरणं अवघड असतं.

जमलं तर प्रत्येक अपॉइंटमेंटसमोर आणखी तीन गोष्टी लिहा: रुग्ण नवा की फॉलो-अपचा, तारीख किती दिवस आधी दिली होती, आणि कुठला विभाग. चार आठवड्यांनी ही पानं समोर ठेवली की बहुधा दिसतं, की जितकी लांबची तारीख तितके न येणारे जास्त. तुमच्याकडेही तसंच असेल तर आठवणींच्या जोडीला तारखाच जवळच्या देता येतात का, हे पाहायला हवं. दीड महिन्याने येणाऱ्या माणसाचं आयुष्य मधल्या काळात बदलतं. नोकरीची पाळी बदलते, दुखणं कमी होतं, तो दुसरीकडे दाखवून येतो. ते कुठल्याही संदेशाने आवरता येत नाही.

पायरी २: नंबर बरोबर आहे ना?

आठवणींची व्यवस्था कोसळते ती बहुतेकदा इथे. सॉफ्टवेअर उत्तम, मजकूर उत्तम, आणि नंबर तीन वर्षांपूर्वीचा. किंवा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून कुणीतरी दहा वेळा एकच आकडा दाबून ठेवलेला. यादीतले असे नंबर आधी शोधून काढा.

रुग्ण काउंटरवर आला की “नंबर तोच आहे ना?” असं विचारू नका. घाईत माणूस “हो” म्हणून मोकळा होतो. “तुमचा सध्याचा मोबाइल नंबर सांगता का?” असं विचारा, त्याला सांगू द्या, आणि तुम्ही स्क्रीनवरचा नंबर ताडून पाहा. दर भेटीला हे करायचं.

नंबरासोबत तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा.

पहिली, हा फोन कुणाचा आहे? वयस्कर रुग्णांच्या नावापुढे अनेकदा मुलाचा, सुनेचा किंवा शेजाऱ्याचा नंबर असतो. तो चालतो, पण तो कुणाचा आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

दुसरी, संदेश पाठवलेला चालेल का, आणि कशावर: एसएमएस, व्हॉट्सॲप की फोन? ही परवानगी केस पेपरवर किंवा संगणकात तारखेसह नोंदवा. नको म्हणणाऱ्याला नको, आणि त्यासाठी कारण विचारायची गरज नाही.

तिसरी, कुठल्या भाषेत? वाचता येतं का, ऐकू नीट येतं का, हेही याच प्रश्नात हळुवारपणे कळून येतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना संदेश. इतकी साधी गोष्टही नोंद नसली की उलटीच घडते.

पायरी ३: तारीख देतानाच सुरुवात करा

पहिली आठवण काउंटरवरच द्यायची असते. “पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला या” असं आपण सांगतो, रुग्ण मान हलवतो, आणि ती तारीख त्याला जमणारी आहे का हे कुणी विचारतच नाही. दोन तारखा पुढे ठेवा, त्यातली एक त्याला निवडू द्या. स्वतः निवडलेली वेळ माणूस जास्त पाळतो.

मग तारीख त्याच्याकडून परत वदवून घ्या किंवा, त्याहून चांगलं, त्याला स्वतःच्या हाताने कार्डावर लिहू द्या. इंग्लंडमधल्या काही दवाखान्यांत हा प्रयोग झाला होता. रुग्णांनी वेळ स्वतः लिहून घ्यायला सुरुवात केल्यावर न येणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त पेन रुग्णाच्या हातात द्यावं लागतं.

आणि कशासाठी बोलावलं आहे ते एका वाक्यात सांगा. “फॉलो-अप” हा शब्द रुग्णाला काहीच सांगत नाही. “या गोळीने रक्तदाब किती उतरला ते पाहायचं आहे, आणि त्यावरून डोस ठरवायचा आहे” असं कळलं, की बरं वाटत असलं तरी यायचं कारण त्याच्याकडे राहतं.

पायरी ४: कशावर पाठवायचं

यात फार अडकू नका. रुग्ण जे रोज उघडून पाहतो ते माध्यम चांगलं. एसएमएस साध्या फोनवरही येतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून पाया त्याचा ठेवावा. व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर आणि नकाशा पाठवता येतो, पण ते सगळ्यांकडे नसतं. काही देशांत दवाखान्याला घाऊक एसएमएस पाठवायचे असतील तर मजकुराचा नमुना आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्याची चौकशी सुरुवातीलाच करा. नाहीतर सगळी तयारी होऊन संदेश जातच नाहीत.

घाऊक सेवेकडून जाणाऱ्या एसएमएसवर बऱ्याचदा पाठवणाऱ्याच्या जागी नंबराऐवजी अक्षरांचं नाव दिसतं, आणि अशा संदेशाला रुग्णाला उत्तर देता येत नाही. “२ पाठवा” असं लिहून उत्तराची वाटच बंद असेल तर रुग्णाचा दोनदा हिरमोड होतो. सेवा घेण्यापूर्वी स्वतःच्या फोनवर संदेश मागवा आणि उत्तर पाठवून पाहा.

पायरी ५: कधी

दोन आठवणी द्या. पहिली साधारण तीन दिवस आधी, दुसरी आदल्या दिवशी. अमेरिकेतल्या कॉलोराडोमध्ये कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत मोठी चाचणी झाली होती, त्यात तीन दिवस आधी आणि एक दिवस आधी अशा दोन आठवणी मिळालेल्यांनी एकच आठवण मिळालेल्यांपेक्षा कमी भेटी चुकवल्या. तीन दिवस आधीची आठवण माणसाला सुट्टी मागायला, सोबत ठरवायला किंवा तारीख बदलून घ्यायला उपयोगी पडते. आदल्या दिवशीची निव्वळ विसरू नये म्हणून.

मात्र ज्या तपासणीला तयारी लागते तिथे हे गणित बदलतं. कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीची) तयारी, म्हणजे आहारातला बदल आणि पोट साफ होण्याचं औषध, आधीपासूनच सुरू करावी लागते. आदल्या रात्री आठवण गेली तर रुग्ण येईलही, पण तपासणी होणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेआधी थांबवायच्या की नाहीत आणि कधी, हे डॉक्टरांनी त्या रुग्णापुरतं ठरवलेलं असतं. ते संदेशातून सरसकट सगळ्यांना सांगू नका. अशा रुग्णांना फोनच करा आणि केस पेपर समोर ठेवून बोला.

वेळ सकाळी उशिराची किंवा संध्याकाळची चांगली. रात्री दहानंतर दवाखान्याचा संदेश आला की घरातल्या माणसांच्या काळजात धस्स होतं. तुमचा फोन ज्या वेळात उचलला जातो त्याच वेळात संदेश गेले पाहिजेत. दवाखाना बंद झाल्यावर आठवण पाठवली, तर तारीख बदलू पाहणाऱ्याचा फोन घणघणत राहतो आणि तो पुन्हा प्रयत्न करतोच असं नाही.

पायरी ६: मजकूर

मजकूर मराठीत लिहिणार असाल तर आधी जागेचा हिशोब कळला पाहिजे. रोमन अक्षरांतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये फक्त ७०. मजकूर त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्यात ६७, आणि पैसे तुकड्यांच्या संख्येवर लागतात. इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हंही वेगवेगळी मोजली जातात. ‘डॉक्टर’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटला तरी मोजणीत सहा होतात. ‘अपॉइंटमेंट’ दहा जागा घेतो, तर ‘वेळ’ तीनच.

म्हणून काय आटपायचं, तर नमस्कार-चमत्कार, दवाखान्याची जाहिरात आणि शुभेच्छा. पण ७०मध्ये कोंबण्याच्या नादात संदेश कोड्यासारखा करू नका. दोन तुकडे खुशाल होऊ द्या. हा एक नमुना पाहा:

“सोमवार, १४ जुलै, सकाळी १०:३०. डॉ. (आडनाव) यांच्याकडे तुमची वेळ आहे. येणार असाल तर १, तारीख बदलायची तर २ पाठवा. फोन: (नंबर)”

छोटं आडनाव आणि दहा आकडी नंबर धरून हा दोन तुकड्यांत बसतो. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

वार आणि तारीख दोन्ही लिहिले आहेत, कारण वार चुकला की तारीख ताडता येते आणि तारीख चुकली की वार. ‘उद्या’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. संदेश कधी उशिरा पोहोचतो, कधी दुसऱ्या दिवशी वाचला जातो, आणि मग ‘उद्या’ म्हणजे कुठला दिवस हे कळत नाही. ‘सकाळी’ हा शब्द लिहिला आहे, नुसतं १०:३० लिहिलं नाही. तारीख १४/०७ अशी आकड्यांत लिहिली तर काहीजण आधी महिना वाचतात, ५/६ सारखी तारीख तर हमखास गोंधळ करते.

उत्तरासाठी एकच आकडा मागितला आहे. तुमचं सॉफ्टवेअर आपोआप उत्तरं वाचत असेल तर ते देवनागरी आणि रोमन असे दोन्ही अंक ओळखतं का हे तपासा, शिवाय “हो”, “येतो”, “येते”, “जमणार नाही” अशी उत्तरंही येणारच. जी ओळखता आली नाहीत ती माणसाने रोज वाचली पाहिजेत.

सूर कसा असावा यावरही काम झालेलं आहे. लंडनमधल्या बार्ट्स हेल्थ या रुग्णालय समूहात वेगवेगळ्या मजकुरांची तुलना करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या संदेशाने न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ टक्के होतं. न आल्याने आरोग्यसेवेचं किती नुकसान होतं याची नेमकी रक्कम संदेशात लिहिली तेव्हा ते ८.४ टक्क्यांवर आलं. हे वाचून लगेच आपल्याकडेही रक्कम लिहावी असं वाटेल. माझं मत विचाराल तर जपून. सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत ती गोष्ट सगळ्यांची म्हणून वाचली जाते. खासगी दवाखान्याने तेच लिहिलं तर रुग्णाला तो टोमणा वाटू शकतो. त्यापेक्षा “तुम्ही कळवलंत तर ही वेळ दुसऱ्या रुग्णाला देता येईल” हे वाक्य कुठेही चालतं आणि ते खरंही आहे.

“अनेक रुग्ण न कळवता गैरहजर राहतात” असे फलक वेटिंग हॉलमध्ये लावू नका. असा फलक वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच, की बरेच जण येत नाहीत, म्हणजे आपण नाही आलो तरी चालतं. लावायचाच असेल तर किती जण वेळेवर आले ते लिहा.

पायरी ७: ‘नाही’ म्हणायची वाट

सुरुवातीला म्हटलं ते इथे. संदेशातला नंबर लावला की तो कुणीतरी उचलला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तो नंबर रिसेप्शनचा असतो आणि रिसेप्शनवर सकाळी समोर रांग असते, त्यामुळे फोन वाजत राहतो. रुग्ण दोनदा लावतो, तिसऱ्यांदा नाही. मग तो न येणाऱ्यांत मोजला जातो, आणि त्याने कळवायचा प्रयत्न केला होता हे कुठेही लिहिलं जात नाही.

म्हणून तारीख बदलण्यासाठी वेगळा नंबर ठेवा, किंवा निदान मिस्ड कॉल पाहून ठरल्या वेळी उलट फोन करणारा माणूस नेमा. त्याच्या हातात अपॉइंटमेंटची यादी असावी आणि नवी तारीख द्यायचा अधिकारही. “मॅडमना विचारून सांगते” असं म्हणावं लागत असेल तर ती वाट अर्धीच उघडी आहे.

आणि बोलणं कसं असावं, तर असं:

“ताई, बरं झालं कळवलंत. गुरुवारी सकाळी किंवा शनिवारी दुपारी जमेल का?”

रुग्ण कारण सांगू लागला तर ऐका, पण कारण मागू नका. एकदा ओशाळावं लागलं की पुढच्या वेळी माणूस कळवत नाही.

मोकळी झालेली वेळ भरायला वेटिंग लिस्ट हाताशी हवी. लवकरची तारीख हवी होती, अचानक बोलावलं तरी जे येऊ शकतात, अशांची नावं आणि नंबर आधीच विचारून ठेवा. रद्द झाल्याची नोंद होताच त्याच यादीतल्या पहिल्या नावाला फोन जायला हवा. ही शेवटची कडी नसेल तर आठवणींनी मिळालेली मोकळी वेळ मोकळीच राहते, आणि सगळ्या खटाटोपाचा निम्मा फायदा हातचा जातो.

पायरी ८: गोपनीयता, आणि आठवण कधी पाठवू नये

घरात एकच फोन असतो, किंवा संदेश बंद स्क्रीनवरही दिसतो. म्हणून संदेशात आजाराचं नाव, तपासणीचं नाव, रिपोर्टमधला आकडा यातलं काहीही लिहू नका. विभागाच्या नावातूनही सगळं कळतं. मानसोपचार, एचआयव्ही, वंध्यत्व, गर्भपात यांसाठी येणाऱ्यांना फक्त तारीख, वेळ आणि फोन नंबर असा संदेश जावा, आणि पाठवणाऱ्याच्या नावातही विभाग दिसू नये. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईच्या बाबतीत तर दवाखान्यात गेल्याचं कळणंही धोक्याचं ठरू शकतं. संदेश सुरक्षित आहे का, फोन कुठल्या वेळी करावा, हे तिलाच विचारायचं.

फोन दुसऱ्या कुणी उचलला तर निरोप ठेवू नका. “मी नंतर करते” एवढंच पुरे.

आठवण थांबवायची कधी, याची व्यवस्था पाठवण्याच्या व्यवस्थेइतकीच नीट हवी. रद्द झालेल्या तारखेची आठवण जाणं हा गोंधळ आहे. पण रुग्ण दगावल्यावर त्याच्या घरी “उद्या तुमची वेळ आहे” असा संदेश जाणं हा घाव आहे. गर्भ राहिला नाही अशा बाईला पुढच्या सोनोग्राफीची आठवण जाणंही तसंच. मृत्यूची किंवा गर्भपाताची नोंद केस पेपरवर झाली, की त्याच दिवशी त्या व्यक्तीच्या पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंट आणि आठवणी बंद करायच्या, आणि ते कुणी करायचं हे नावानिशी ठरलेलं असावं. रुग्णालयात भरती असलेल्यालाही त्याच रुग्णालयाकडून “न विसरता या” असा संदेश जाऊ नये.

पायरी ९: माणसाने फोन कुणाला करायचा

सगळ्यांना करणं शक्य नसतं. पहिल्यांदाच येणारे, फार लांबची तारीख असलेले, याआधी न कळवता न आलेले, आणि ज्यांची भेट चुकली तर खरा धोका आहे असे, उदाहरणार्थ कर्करोगाच्या संशयावरून बोलावलेले. ही यादी आदल्या दिवशी काढा आणि फोन करा. मोठ्या रुग्णालयांत संगणक हा अंदाज बांधून देतो. तो अंदाज फोन करायला वापरा. त्याच माणसाच्या वेळेवर दुसऱ्याचं नाव चढवायला वापरू नका. जे वारंवार येऊ शकत नाहीत ते बहुधा गरीब, लांब राहणारे किंवा एकटे असतात, आणि ते आलेच तर दोघांच्या गर्दीत तासन्‌तास बसून राहायची पाळी त्यांच्यावर येते.

जो आला नाही त्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक फोन करा. “तुम्ही का आला नाहीत?” ऐवजी “काल तुमची वाट पाहिली, सगळं ठीक आहे ना?” असं म्हणा. उत्तरं लिहून ठेवा. महिनाभरात तुम्हाला कळेल, की तुमचे रुग्ण विसरतात, की तुमची सकाळची वेळ कामावर जाणाऱ्यांना अशक्य आहे, की तुमचे संदेश पोहोचतच नाहीत.

पायरी १०: पुन्हा मोजा

पहिल्या पायरीचे तेच चार आकडे पुन्हा चार आठवडे लिहा. सुट्ट्यांचा किंवा साथीचा महिना असेल तर तुलना फसवी होते, म्हणून शक्य असेल तर एका विभागात आधी सुरू करा आणि दुसऱ्याशी त्याच काळात तुलना करा. सोबत आणखी दोन आकडे पाहा: पाठवलेल्या संदेशांपैकी किती पोहोचले, आणि मोकळ्या झालेल्या वेळांपैकी किती दुसऱ्या रुग्णांनी भरल्या. न पोहोचलेल्या संदेशांची यादी दर आठवड्याला रिसेप्शनकडे द्या, म्हणजे तो रुग्ण पुढे कधीही आला की नंबर दुरुस्त होतो. दर महिन्याला एकदा स्वतःच्या नंबरावर खोटी अपॉइंटमेंट घालून संदेश येतो का, कसा दिसतो, आणि “२” पाठवल्यावर कुणाचा फोन किती वेळात येतो, हे पाहून घ्या.